घटस्फोट ठरला, मसुदा झाला, पण घरातल्या सामानाचं काय?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे बहुतेक वाचनमात्रच आहे. कुंड्यांच्या धाग्यावर दोन-चार प्रतिसाद दिले असतील तेवढेच. हा प्रश्न मात्र ओळखीतल्या कोणाला विचारता येईना, कारण ओळखीतला प्रत्येक जण आधी "पण झालं काय?" विचारतो. त्यामुळे एक विनंती: कारणांची चर्चा नको, ती आमची आमच्यात झाली आहे.

लग्नाला अकरा वर्षं झाली, राहायला पुण्यात. परस्पर संमतीने वेगळं होतोय. मुलगी माझ्याकडे, शनिवार-रविवार बाबाकडे. फ्लॅट तो ठेवणार, माझ्या हिश्श्याची रक्कम देणार. ज्यावरून लोक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात ते सगळं फारसा आवाज न चढवता मिटलं. अडलंय ते सामानावर.

वकिलांनी मसुद्यात एक वाक्य घातलं आहे: "घरातील चीजवस्तू उभय पक्षांनी आपसात वाटून घेतल्या असून त्याबाबत कोणतीही तक्रार उरलेली नाही." छान वाक्य आहे, पण खोटं आहे. एक चमचासुद्धा वाटलेला नाही.

लग्नात आईबाबांनी दिलेले दागिने, तांब्या-पितळेची भांडी आणि लोखंडी कपाट माझं, यावर वाद नाही. सासूबाईंनी लग्नात माझ्या अंगावर घातलेल्या पाटल्या आणि ठुशी मात्र "घराण्यातल्या आहेत, परत हव्यात" असं त्यांचं म्हणणं. फ्रीज माझ्या कार्डावर घेतला, सोफा आणि टीव्ही त्याच्या बोनसमधून. वॉशिंग मशीन कोणी घेतलं ते दोघांनाही आठवत नाही. लग्नात आहेर म्हणून आलेली भांडी अजून माळ्यावर खोक्यात आहेत. देव आहेत. फोटोंची हार्ड डिस्क आहे. आणि एक जुनं पितळी पुरणयंत्र आहे, त्यावरून परवा आम्ही फ्लॅटच्या हिशोबावरून बोललो नव्हतो इतकं वाईट बोललो एकमेकांना.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर कसं केलंत? कायदा काय म्हणतो? आणि कायदा सोडून शहाणपणाचं काय?

---

चहाबाज

ज्याच्या कार्डावर बिल, त्याची वस्तू. संपलं. यात भावना आणल्या की गुंता होतो.

---

मोगरा

चहाबाज, संपलं नाही. आमच्या घरात माझा पगार किराणा, शाळेची फी, कामवाल्या मावशी, औषधं आणि सणवारात जायचा. त्याच्या पगारातून हप्ते आणि मोठ्या वस्तू. साहजिकच सगळी बिलं त्याच्या नावावर. बिलाप्रमाणे वाटणी केली असती तर माझ्या वाट्याला अकरा वर्षांचे खाऊन संपलेले डाळ-तांदूळ आले असते.

नवरा वाईट नव्हता हो. पण तोही अगदी असंच म्हणाला होता, "बिलं बघ ना." समुपदेशक बाईंनी त्याला एकच विचारलं: "किराण्याचं बिल कोण ठेवतं?" मग पुढचं बोलणं झालं.

---

कायदेकानू

कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो, म्हणून जरा लांब लिहितो. तुमच्या प्रकरणातले कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "लग्नानंतर घेतलेलं सगळं निम्मं-निम्मं". हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये असा नियमच नाही. आपल्याकडे लग्नाने मालकी एकत्र होत नाही, ज्याची वस्तू त्याची. सिनेमात आणि मालिकांत जे "आधी जायदाद" ऐकता ते इथल्या कायद्यात नाही.

पण स्त्रीधन वेगळं. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तिला मिळालेल्या भेटी, मग त्या माहेरच्या असोत, सासरच्या असोत की मैत्रिणींच्या, तिच्या एकटीच्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने ही मालकी पूर्ण केली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही. ते सांभाळायला दिलेलं असतं आणि मागितल्यावर अडवून धरलं तर फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. तेव्हा भादंवि ४०६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे. एप्रिल २०२४ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात याच न्यायालयाने पुन्हा म्हटलं की स्त्रीधनावर नवऱ्याचा ताबा चालत नाही. अडचणीत वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करायची. तिथे ८९ पवन (एक पवन म्हणजे आठ ग्रॅम) सोन्याचा वाद होता आणि तिला २५ लाख रुपये द्यायला लावले.

म्हणजे उंबरठा, पाटल्या आणि ठुशी लग्नात तुमच्या अंगावर भेट म्हणून घातल्या असतील तर कायद्याने त्या तुमच्या. "फक्त घालायला दिल्या होत्या" असं सासूबाई म्हणाल्या तर तो पुराव्याचा प्रश्न. कायद्याने तुमच्या आहेत आणि त्या ठेवायच्या का, हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे मागू नका.

आहेराची भांडी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ मध्ये येतात. लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मिळून असलेल्या वस्तूंबद्दल न्यायालय घटस्फोटाच्या हुकुमातच व्यवस्था लावू शकतं. १९९७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने "सुमारास"चा अर्थ थोडा सैल केला: लग्नाशी संबंध जोडता येत असेल तर आधी-नंतर मिळालेलंही चालेल. फ्रीज-सोफा मात्र यात बसत नाही. तिथे कोणी पैसे दिले हेच बघितलं जातं आणि तिथेच मोगरा यांनी लिहिलेली पंचाईत होते.

म्हणून परस्पर संमतीत तुमची खरी ताकद कायद्यात नाही, कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये आहे. तुम्ही जे लिहाल ते. आणि तुमच्या वकिलांनी घातलेलं ते वाक्य वाटणी होण्याआधी सही करण्यासारखं नाही. उद्या एक वाटी अडली तरी तेच वाक्य तुमच्यासमोर धरतील.

---

टग्या_दादरकर

सोन्याचा नियम साधा आहे. बायकोचं ५०० ग्रॅम, नवऱ्याचं १०० ग्रॅम. सरकारचंच परिपत्रक आहे.

---

कायदेकानू

टग्या, ते परिपत्रक आयकराच्या धाडीचं आहे, १९९४ चं. धाडीत विवाहितेचं ५०० ग्रॅम, अविवाहितेचं २५० आणि पुरुषाचं १०० ग्रॅमपर्यंत सोनं जप्त करू नये, एवढंच ते सांगतं. सोनं कोणाचं हे ठरवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ते दर लग्नसराईत फिरतं, म्हणून लिहिलं.

---

नलूमावशी

मुलांनो, तुम्ही बिलं आणि कलमं बघताय, आमच्या काळी भांडीच सांगायची कोणाची ते. भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. "चि. सौ. कां. अमुक हिस तमुक मामांकडून", खाली तारीख. माझ्या धाकट्या बहिणीचं मोडलं तेव्हा वडिलांनी टेम्पो नेला आणि फक्त नाव वाचत गेले. आमचं नाव असलेलं उचललं, नसलेलं ठेवलं. दुपारी जेवायच्या आत काम झालं. आता स्टीलच्या डब्यावर कोण नाव घालतं? आणि नॉनस्टिकवर तर घालताच येत नाही.

उंबरठा, देवांचं सांगते कारण ते कोणी नीट सांगत नाही. गौरीहराला पुजलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मुलगी माहेराहून आणते. ते तुझे, निमूट पिशवीत घाल. खंडोबाचा, भवानीचा टाक कुळाचा असतो, तो त्यांच्याकडे राहू दे. समई, तबक, निरांजनं ज्याने आणली त्याने न्यावी. शंख आणि घंटा यावरून मी भांडणं पाहिली आहेत. त्या बाजारात मिळतात ग.

पाटल्यांचं तुझं तू ठरव. मी असते तर दिल्या असत्या. पण मी म्हातारी आहे, माझं ऐकू नकोस.

---

सत्यवचन

एवढा विचार सामानाचा करताय, त्याच्या निम्मा संसाराचा केला असता तर ही वेळ आली नसती. मुलीचा विचार करा.

---

मोगरा

सत्यवचन, धागाकर्तीने पहिल्याच परिच्छेदात विनंती केली आहे. वाचायचे कष्ट घ्या.

---

चहाबाज

मोगराला अनुमोदन. आणि मोगरा, वरचा किराण्याचा मुद्दा पटला. माझं ते "संपलं" मागे घेतो.

---

एकटा_टायगर

एक उलटी बाजू. कामावरून घरी आलो तर घर रिकामं. टेम्पो दुपारी येऊन गेला होता. गॅसची शेगडी नव्हती, पडदे नव्हते, गिझरसुद्धा काढून नेला होता आणि भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले. शेजारच्या काकूंनी दोन दिवस डबा दिला.

सामानाचं मला खरंच काही वाटलं नाही. तिचंच बरंचसं होतं आणि नसतं तरी मी मागितलं नसतं. पण त्यात माझ्या वडिलांची हार्मोनियम गेली. तिच्या घरात कोणी वाजवत नाही. मागितल्यावर उत्तर आलं, "यादीत नव्हती." यादीच नव्हती कुठली! मग वकिलांमार्फत पत्र, मग उत्तर, मग प्रत्युत्तर. एका जुन्या पेटीसाठी मी त्या पेटीच्या किमतीहून जास्त फी दिली. मिळाली शेवटी, एक सूर बसला आहे.

म्हणून उंबरठा, तुमच्या नवऱ्यालाही एक प्रश्न विचारा: यातली कोणती वस्तू तुझ्या आईवडिलांची आहे? पुरुष हे स्वतःहून बोलत नाहीत. "ने तुला काय न्यायचं ते" म्हणतात आणि नंतर वर्षभर जळत बसतात. मी त्यातलाच.

---

लॉकरवाली

बँकेत नोकरी करते, फक्त लॉकरपुरतं लिहिते.

लॉकर दोघांच्या नावावर आणि "दोघांपैकी कोणीही" असा असेल तर आज तुम्ही आणि उद्या ते, कोणीही एकटं येऊन उघडू शकतं. बँक अडवत नाही, अडवायचा तिला अधिकारही नसतो. ज्यांचं बिनसलं आहे त्यांनी आधी एकत्र येऊन "दोघं मिळूनच" अशी सूचना लिहून द्यावी. समोरचा येत नसेल तर वादाबद्दल लेखी कळवावं आणि वकिलांना विचारून कोर्टाचा आदेश आणावा.

२०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नवे नियम आहेत. लॉकर उघडला की त्याच दिवशी संपणाऱ्या वेळेआधी नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर निरोप यायलाच हवा आणि लॉकर-कक्षात ये-जा टिपणारं चित्रीकरण किमान १८० दिवस ठेवायला हवं. तेव्हा आधी बघा की नोंदवलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे. अर्ध्या घरांत तो नवऱ्याचा असतो आणि बायकोला निरोप कधी येतच नाही.

दोघांनी मिळून जा, उघडा, तिथल्या तिथे प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, सराफाकडून वजन करून घ्या आणि कागदावर दोघांच्या सह्या करा. कटकट वाटते, पण नंतरच्या कटकटीपेक्षा स्वस्त.

---

कायदेकानू

लॉकरवालींच्या मुद्द्याला जोड. हिंसाचाराचं प्रकरण असेल (उंबरठा, तुमचं नाही हे कळतंय, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचं असेल) तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात कलम १८ खाली लॉकर आणि खाती चालवायला, वस्तू विकायला मनाई मागता येते आणि कलम १९ खाली स्त्रीधन व इतर वस्तू परत देण्याचा आदेश मिळतो. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे. अशा वेळी "आपसात बसून यादी करू" हा सल्ला देऊ नका कोणाला.

---

शबनम_सोलापूर

आमच्याकडचं लिहिते, कारण सगळे हिंदू कायदाच लिहितात. तलाकनंतर मुस्लिम बाईचा सामानावरचा हक्क १९८६ च्या कायद्यात कलम ३ मध्ये सरळ लिहिला आहे: मेहेर, आणि लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नातेवाईक, मैत्रिणी, नवरा किंवा त्याच्या माणसांनी तिला दिलेल्या सगळ्या वस्तू. माझ्या मावसबहिणीला हे माहीतच नव्हतं. ती मेहेरपुरतं मागत होती आणि शिलाई मशीन, तांब्याचा हंडा, भाऊजींनी ईदला दिलेलं कानातलं सगळं सोडून निघाली होती. वकील बाईंनी यादी करायला लावली. यादी करताना तीच चकित झाली, एवढं काय काय आपलं होतं म्हणून. मशीन परत आलं, आता त्याच्यावरच तिचं घर चालतं.

---

पणजीकर

गोंयांत वेगळं आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून आमच्या लग्नांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र होते, लग्नाआधीची धरून, आणि मोडलं की निम्मी-निम्मी. त्यामुळे "कोणाचं बिल" हा प्रश्न फारसा येत नाही. पण "किंमत किती" हा येतो, आणि तोही कमी चिवट नाही.

इन्व्हेंटरी प्रक्रियेत एक गंमत आहे. एकच वस्तू दोघांना हवी असेल तर आपसात बोली लावतात. जो जास्त बोलेल त्याच्या नावावर ती लागते आणि तेवढी रक्कम त्याच्या वाट्यातून धरली जाते. माझ्या चुलतभावाने एका लाकडी झोपाळ्यासाठी असली बोली लावली की त्या रकमेत दोन नवे झोपाळे आले असते. समोरचीने मुद्दाम वर वर नेली आणि मग हसत सोडून दिली.

---

फ्रीमाँटकर

कॅलिफोर्नियातही लग्नानंतर कमावलेलं दोघांचं. भेट, वारसा आणि लग्नाआधीचं ज्याचं त्याचं. पण आम्हा देशी लोकांची गंमत अशी की भारतातून सासूने पाठवलेल्या बांगड्या कोणाला भेट, सुनेला की मुलाच्या घराला, हे तिथल्या वकिलाला समजावताना माझा घाम निघाला. घरातल्या सामानाला किंमत धरतात ती आजच्या जुन्या बाजाराची, घेतल्याची नाही. तीन हजार डॉलरचा सोफा दीडशेत गेला कागदावर. तो दीडशे आकडा पाहिला आणि सोफ्यावरचं माझं प्रेम तिथेच ओसरलं.

---

मोगरा

फ्रीमाँटकरांचं हे इथेही लागू करा. आम्ही केलं ते सांगते. प्रत्येक मोठ्या वस्तूसमोर जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर आज जी किंमत दिसते ती लिहिली. फ्रीजला जी किंमत आली ती बघून दोघंही गप्प झालो. मग नाणं उडवून ठरवलं पहिला कोण, आणि आळीपाळीने एकेक निवडत गेलो. त्याने पहिल्यांदा काय निवडलं? कॉफीची मशीन. मी कपाट. फ्रीज दोघांनीही शेवटपर्यंत घेतला नाही, तो कामवाल्या मावशींना दिला.

दोन गोष्टी मात्र या खेळात घेतल्या नाहीत. मुलाच्या वस्तू वाटायच्याच नाहीत, त्या मुलाच्या. त्याला दोन्ही घरांत अभ्यासाचं टेबल आणि त्याच्या पांघरुणांपैकी एकेक पांघरूण. सायकल तो जिथे असेल तिथे जाते. आणि फोटो वाटायचे नाहीत, प्रती करायच्या. हार्ड डिस्कची प्रत तासाभरात होते. लग्नाचा अल्बम आम्ही दोघांनीही नको म्हटला, तो माझ्या आईने उचलून नेला. का ते तिला विचारायची हिंमत नाही.

---

नलूमावशी

मुलं मोठी झाली की तेच अल्बम शोधतात, मोगरा. आईने बरोबर केलं.

---

टग्या_दादरकर

अवांतर: आळीपाळीत मांजर असेल तर?

---

एकटा_टायगर

मांजर ठरवतं. आपण फक्त टोपली धरायची.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार, खरंच. सगळं वाचलं, काही प्रतिसाद त्यालाही वाचायला दिले. (हो, अजून एकाच घरात आहोत. कोर्टाला "वेगळं राहणं" म्हणजे वेगळं छप्परच लागतं असं नाही, हे वकिलांनी सांगितलं.)

एकटा_टायगर, तुमचा प्रश्न विचारला: यातलं तुझ्या आईवडिलांचं काय? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पुरणयंत्र. मला वाटत होतं तो हट्टाने अडून बसलाय, कारण सासूबाईंनी ते घर वेगळं करताना माझ्या हातात दिलं होतं, त्याच्या नाही. पण आमच्या घरी पुरणपोळ्या तोच करतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. मी कणीक मळून देते आणि बाजूला होते, कारण माझी पोळी फुटते. सासूबाईंनी माझ्या हातात दिलं म्हणून ते माझं स्त्रीधन, हे कायद्याने बरोबर असेलही, पण मी ते न्यायचं कशाला? माळ्यावर ठेवायला? त्याला दिलं.

पाटल्यांबद्दल मात्र मी नलूमावशींचं ऐकलं नाही. मावशी, रागावू नका. सासूबाईंनी आधी "परत द्या" म्हटलं, आणि चार दिवसांनी मुलीच्या नावाने ठेवाव्यात असं स्वतःच सुचवलं. आता ठरलंय की पाटल्या माझ्या ताब्यात, पण मुलगी अठराची झाली की तिच्या. ठुशी मी परत दिली. ती खरंच त्यांच्या सासूची होती, मागे आद्याक्षरं आहेत. नाव वाचून ठरवायची तुमची पद्धत दागिन्यालाही चालली.

आहेराची खोकी उघडली. बहुतेक सगळं लेमन सेट, जेवणाचे डबे आणि भिंतीवरची घड्याळं. सहा घड्याळं! दोघांनाही एकही नको. एका वसतिगृहाला देतोय.

वॉशिंग मशीन मोगराच्या पद्धतीने. नाणं मी जिंकले.

आता प्रश्न असा की यातलं किती मसुद्यात लिहायचं? चमचे-वाट्या लिहिल्या तर न्यायाधीश हसतील ना?

---

कायदेकानू

हसणार नाहीत, त्यांनी याहून बारीक याद्या पाहिल्या आहेत. मसुद्यात मजकूर छोटा ठेवा आणि यादी परिशिष्ट म्हणून जोडा. "परिशिष्ट अ" तुम्हाला मिळणाऱ्या वस्तू, "परिशिष्ट ब" त्यांना. दागिन्याला वजन आणि वर्णन, यंत्राला कंपनी आणि मॉडेल, भांड्यांना "तांब्या-पितळेची, एकूण इतकी नग". वाटी-चमच्याला "किरकोळ स्वयंपाकसामान" पुरे. पाटल्यांची मुलीबद्दलची अट वेगळ्या ओळीत, कारण ती वाटणी नाही, वचन आहे, आणि ती कोण पाळणार हे नावानिशी लिहा.

आता मूळ वाक्याकडे. "वाटून घेतल्या आहेत" असं तेव्हाच लिहायचं जेव्हा वस्तू प्रत्यक्ष हातात आल्या असतील. नसतील तर "अमुक तारखेपर्यंत द्यायच्या आहेत" असं लिहा, आणि उचलण्याचा खर्च कोणाचा तेही. कलम १३ब मध्ये (हिंदू विवाह कायद्यातला परस्पर संमतीचा घटस्फोट) पहिला अर्ज आणि दुसरा अर्ज यात साधारण सहा महिने जातात. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात न्यायालय ती मुदत माफ करू शकतं, पण करेलच असं नाही. त्या मधल्या काळात सामान हलवून घ्या आणि दुसऱ्या अर्जाच्या वेळी दोघांनी पोच लिहून द्या. मग ते "तक्रार उरलेली नाही" वाक्य खरं होतं आणि मला त्यावर आक्षेप नाही.

आणि एक. लग्नातल्या भेटींची यादी करायचा नियम १९८५ पासून आहे, हुंडाबंदी कायद्याखाली: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, खाली दोघांच्या सह्या. इतकी वर्षं वकिली करतोय, अशी यादी कोणाच्या घरातून निघालेली मी पाहिलेली नाही. आहेराच्या वहीत "साठे काका, १०१" एवढंच असतं. ती वही मात्र फेकू नका, कधीकधी तीच कामी येते.

---

लॉकरवाली

कागदांचं विसरू नका. गाडी नाव बदलायची असेल तर आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी. विम्यावरचं नावही त्याच वेळी. वस्तू हप्त्यांवर घेतली असेल तर ज्याच्याकडे वस्तू जाणार त्याच्याकडे हप्ताही जायला हवा, नाहीतर फ्रीज एकाकडे आणि हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून, हे मी दर महिन्याला बघते.

---

शबनम_सोलापूर

रेशनकार्डवरून नाव कमी करून दुसरीकडे जोडायला वेळ लागतो, ते आजच सुरू करा. मुलीचं नाव कोणत्या कार्डावर हे आधी ठरवा.

---

उंबरठा

कायदेकानू, दोन्ही परिशिष्टं केली. दोघांनी एकेक ओळ वाचून खुणा केल्या. पोच दुसऱ्या अर्जाच्या वेळी देणार असं लिहून घेतलं. वकील जरा कुरकुरले, "एवढं कशाला", पण घातलं.

फ्रीजचे हप्ते संपलेले आहेत, तो माझ्याकडे येतोय. गॅस त्याच्या नावावर आहे, मी नवीन जोडणी घेतेय. टेम्पो पुढच्या रविवारी. आहेराची वही सापडली, सासूबाईंच्या कपाटात होती, मोबाइलवर फोटो काढून दोघांनी एकेक प्रत ठेवली.

टग्या, मांजर नाही आमच्याकडे. फिशटँक आहे. तो कसा न्यायचा हे कोणाला माहीत असेल तर सांगा, पाण्यासकट नेतात की रिकामा करून?

---

चहाबाज

रिकामा करून. मासे त्यांच्याच पाण्यात, झाकण असलेल्या बादलीत. टाकी काचेची असेल तर अर्धवट पाण्यासकट अजिबात उचलू नका, सांधे सुटतात. फिल्टरमधला स्पंज धुऊ नका, ओलाच ठेवा.